फुटक्या स्क्रीनची तक्रार

२१ जुलै

फुटका! विनेशच्या होडीसाठी ऑनलाइन मागवलेला, पाण्याखालचे मासे-खडक दाखवणारा फिश फाइंडर फुटका आला. स्क्रीनला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडा. चालू केला तर नुसता पांढरा उजेड. पार्सल आलं तेव्हा मी उरणच्या बाजारात सुकट विकत होते. घरी सासूबाई एकट्या. संध्याकाळी येऊन खोकं उघडलं तर ही दशा. खोकंही वरून चेपलेलं.

विनेश म्हणाला, "जाऊ दे, इतकी वर्सं कुठं मशीन हुता?" जाऊ दे कसं? गेल्या वर्षी पाण्याखालचा खडक दिसला नाही, जाळं अडकून होडी कलंडली. तो आणि त्याचा चुलतभाऊ सदा दोन तास पाण्यात होते. ते दोन तास मी विसरलेले नाही. नारळी पुनवेनंतर होडी जाईल ती मशीन घेऊनच.

२२ जुलै

कंपनीला फोन. चाळीस मिनिटं गाणं ऐकवलं, मग रुचिता नावाची मुलगी आली. "मॅडम, अनबॉक्सिंगचा व्हिडिओ आहे का?" म्हणजे खोकं उघडताना शूटिंग करायचं! म्हटलं, बाई गं, मी मासळी विकते, सिनेमे काढत नाही. तिला हसू आलं असावं. पण व्हिडिओशिवाय तक्रार घेता येत नाही म्हणाली.

२३ जुलै

पार्सल आणणाऱ्या दीपेशला नाक्यावर गाठलं. "ताई, मी नीट आणला. आजींच्या हातात दिला, त्यांना विचारा." विचारलं. सासूबाई लसूण सोलत होत्या. "मना काय कलतंय त्यातला," म्हणाल्या. झालं तर मग. दीपेशनेच आपटलं असणार. स्कूटरवर पार्सलं कशी कोंबतो ते काय मी पाहिलेलं नाही?

२५ जुलै

फोटो सात, ईमेल तीन. उत्तर – "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." ती दिलगिरी काय होडीवर बसवू?

२९ जुलै

रोज भाकऱ्या झाल्या की पहिला फोन कंपनीला. रुचिता आता माझा आवाज ओळखते. विनेश चेष्टा करतो, "तुजी मैत्रीन काय म्हनते?" करू दे. आज ग्राहक मंचात जाईन म्हणाले आणि स्पष्ट सांगितलं – पार्सल आणणाऱ्यानेच आपटलं. तिने नाव विचारलं. दिलं.

३० जुलै

दिवसभर रेंज नाही. एक दिवस त्यांना सुट्टी.

२ ऑगस्ट

जिंकले. तक्रार मान्य, नवीन मशीन निघालं. शेजारच्या येसूबाईला थांबवून सांगितलं. कंपनीवाले काय समजले होते, कोळणीला दमवतील?

६ ऑगस्ट

मशीन आलं. या वेळी खोकं उघडताना व्हिडिओ काढला. विनेशने लगेच होडीवर बसवलं. खाडीत थोडं पुढे नेऊन पाहिलं – खाली किती पाणी, कुठे खडक, सगळं स्क्रीनवर दिसतं. मला इतकं बरं वाटलं की तिथेच बसून घेतलं.

पार्सल घेऊन दुसराच माणूस आला होता. दीपेश कुठे विचारलं. "त्याला काढला, ताई. कोणाची तरी तक्रार गेली." वाईट वाटलं, पण चूक ती चूक.

७ ऑगस्ट

सकाळीच सासूबाई समोर येऊन बसल्या. "दीपेसला काढला म्हनं? किशोरी, त्यानं न्हाय फोरला. मीच नारल फोरला त्या खोक्यावं. इंजिन आनला तवा इंजिनावंच फोरलेला, त्याला काय न्हाय झाला." पोरगा सुखरूप यावा म्हणून केलं आणि माझं रोजचं भांडण ऐकून सांगायला घाबरल्या.

रुचिताला फोन लावला. "मॅडम, आता काय फुटलं?"

म्हटलं, दीपेशला परत घ्या, फोडणारे आम्हीच. हवं तर मशीन घेऊन जा.

परवा होडी जाणार. मला भीती वाटते. तरी विनेशने मशीन होडीवरून काढून आणून दारात ठेवलंय, कंपनीचा माणूस आला तर द्यायला.