आत्याचे चिवट जंतू

३ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या मूत्रमार्गाला पुन्हा जंतुसंसर्ग झाला आणि तू मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या खाऊन बस चालवतेस, हे मला बाबांकडून कळावं? याच दुखण्यावर प्रयोगशाळेत डोकं फोडणारी भाची घरात असताना?

हे जंतू मूत्राशयाच्या अस्तरात दडी मारून बसतात. औषध तिथे पोचतं, पण काम होण्याआधीच लघवीवाटे वाहून जातं. म्हणून आम्ही औषध भरलेले अतिसूक्ष्म कण बनवतोय. त्यांनी अस्तराला चिकटून औषध हळूहळू सोडायचं. सध्या ते एकमेकांनाच चिकटतात! तेव्हा माझ्या भरवशावर राहू नकोस. लघवी तपासून घे, भरपूर पाणी पी.

रागावलेली, तरी तुझीच
भाची

९ मार्च

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

पाणी पी म्हणणं सोपं आहे गं. शेवटच्या थांब्यावर बायकांसाठी स्वच्छतागृहच नाही, म्हणून आम्ही चालक बायका तहान मारूनच गाडी काढतो. तुझ्या कणांना सांग, चारचौघांत इतकी जवळीक बरी नव्हे.

काल जरा हुडहुडी भरली, कंबरेच्या वर पाठ धरली, एवढंच. काळजी नसावी.

तुझी आत्या

२१ मार्च

चि. खारूताईस,
इस्पितळाच्या खाटेवरून आशीर्वाद.

माझं पत्र वाचून तू तुझ्या बाबाला माझ्याकडे पिटाळलंस, म्हणून मी आज लिहिते आहे. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला होता. त्या गोळ्यांना जंतू जुमानत नव्हते. तपासणीनंतर डॉक्टरीणबाईंनी दुसरं औषध शिरेतून दिलं, तेव्हा ताप उतरला. मी घाबरले होते, हे फक्त तुला सांगते.

माझ्यामुळे आमच्या साऱ्या जणी आगाराच्या साहेबांच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या. थांब्यावर स्वच्छतागृहाचं काम सुरू झालंय.

तुझ्या प्रयोगासाठी माझे जंतू द्यायला मी सही केली आहे. त्यांना अजिबात दया दाखवू नकोस.

तुझी ठणठणीत होत चाललेली
आत्या

२ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

कणांवर पातळ लेप चढवला आणि ते सुटे राहू लागले. काल तुझे जंतू असलेल्या काचेच्या ताटल्या तपासल्या. नुसत्या औषधाला पुरून उरलेले जंतू कणांमधल्या तेवढ्याच औषधाने जवळजवळ सगळे मेले. अजून उंदरांवरची चाचणी आहे, माणसांपर्यंत यायला वर्षं लागतील. तरीही प्रयोगशाळेतले सगळे त्या ताटल्यांभोवती जमले होते.

कोणीतरी म्हणालं, "इतके चिवट जंतू! ही बाई जगली का?"

रुग्णाची ओळख सांगायची नसते, म्हणून मी एवढंच म्हणाले, "जगली. बस चालवते." आणि हात धुवायच्या निमित्ताने बाहेर जाऊन मनसोक्त रडून घेतलं.

रविवारी येते. माया आहेच, ती तशीच राहू दे.

तुझी
खारूताई