गोठलेलं पाकीट

ता. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.
भावोजींना धाप कमी लागते का? खात्यात माझ्याकडे असलेला मसुदा एकदाचा हातावेगळा झाला. मध्यवर्ती बँकेने स्वतःचं डिजिटल चलन काढावं, नोटेइतकंच पक्कं, फक्त फोनमध्ये राहणारं, असं मी त्यात मांडलंय. साहेब म्हणाले, खासगी कंपनीच्या फोनमधल्या पाकिटावर लोकांचं झकास चाललंय, तुला नसती उठाठेव कशाला? मी म्हटलं, पाकिटातला आकडा म्हणजे कंपनीने दिलेला नुसता शब्द. कंपनी बुडाली की तोही बुडाला. ते हसले. तू घरात थोड्या नोटा ठेव.
लोभ असू दे.
तुझा,
बाळ्या

ता. १२ मार्च

चि. बाळ्यास,
अ. उ. आ.
नोटा आणू कुठून? गल्लीतलं एटीएम कधीच उचलून नेलं. गणवेश शिवल्याचे पैसे त्या पाकिटात येतात, ऑक्सिजनवाल्याचे तिथूनच जातात. हे म्हणतात, साहेबांना सांग, माझं पाकीट बायकोने लग्नातच ताब्यात घेतलंय. स्वतःच हसले आणि मग किती तरी वेळ खोकत राहिले. तू जेवतोस ना वेळेवर?
तुझी,
ताई

ता. २९ मार्च

चि. बाळ्या,
तू आलास, खांदा दिलास, पण माणसांच्या गर्दीत नीट सांगायचं राहून गेलं. म्हणून लिहिते.
त्या दिवशी सकाळी फोनवर आलं, पाकिटाच्या कंपनीचे सर्व व्यवहार स्थगित. दुपारी सिलिंडर संपत आला. मी गोदामावर धावले. गोदामवाला भला माणूस. म्हणाला, वहिनी, तुमच्याकडून पैसे मागतोय कोण? पण माझेही त्यातच अडकलेत, कारखान्याने गाडीच पाठवली नाही. आत नेऊन रिकामे सिलिंडर दाखवले आणि रडायला लागला. मी परत आले, तेव्हा शेजारीण यांचा हात धरून बसली होती. हात गार पडला होता.
ताई

ता. १० एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.
आता साहेबच मसुदा मागतायत. भावोजींची हकीकत त्यात घालू का? तू नको म्हणालीस तर एक अक्षर लिहिणार नाही.
बाळ्या

ता. १६ एप्रिल

चि. बाळ्यास,
अ. उ. आ.
घाल. पण एक सांग. उद्या सरकारच्याच मनात आलं आणि एखाद्याचं पाकीट गोठवलं, तर त्याने कुणाच्या दारात जायचं? याचं उत्तर तुमच्या कागदात असेल, तरच यांचं नाव तिथे येऊ दे.
ताई

ता. ५ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.
उत्तर होतं. कोर्टाच्या हुकुमाशिवाय कुणाचेही पैसे गोठवता येणार नाहीत, असं कलम मी लिहिलं होतं. काल मसुदा तपासणाऱ्या समितीने ते खोडलं आणि बाकी सगळं मंजूर केलं. मी भावोजींची पानं काढून घेतली. साहेब म्हणाले, आता त्यांची गरजही नाही.
चलन येईल, ताई. यायलाच हवं, भावोजी गेल्यावर तर मला त्याबद्दल जराही शंका उरलेली नाही. पण अंतिम प्रतीवर सही करायला बोलावलं, तेव्हा मी पेन खाली ठेवलं. आज माझ्या टेबलावर दुसरा माणूस बसलाय.
माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझा,
बाळ्या