वस्तऱ्यावरची घंटा

बाबा, तुमचा वस्तरा आत्ता माझ्या मांडीवर आहे आणि रविवारपर्यंत त्याचं काय करावं ते मला सुचत नाहीये. माझा नातू, तुम्ही न पाहिलेला तुमचा पणतू, त्याच्या मागे लागलाय. पात्याच्या बुडाशी ठोकलेल्या त्या छोट्या घंटेच्या छापाचा फोटो त्याने जुने वस्तरे जमवणाऱ्यांना पाठवला. उत्तर आलं, वस्तरा फ्रान्सचाच. पण कारखान्याची ही खूण मध्ये विकली गेली होती. पहिला मालक घंटेच्या वर एक चांदणी ठोकायचा. पहिल्या महायुद्धानंतर ज्याने खूण विकत घेतली, त्याने चांदणी काढून टाकली. "आजी, स्टार है तो बात पक्की," नातू फोनवर म्हणाला, "नहीं है तो ये लड़ाई के बाद का है." मी विचारलं, "आणि चांदणी झिजली असेल तर?" "फिर कोई कुछ नहीं बता सकता. संडे को लेंस लाता हूँ ना, देख लेंगे."

त्याला ही गंमत वाटते. मला नाही. आजोबा त्या लढाईत फ्रान्सला गेले ते परत आलेच नाहीत, तुम्ही तेव्हा आजीच्या पोटात होता. त्यांचा फोटोसुद्धा घरात नव्हता. सामानातून परत आला तो एवढा वस्तरा, असं तुम्ही सांगायचात. तो लढाईनंतरचा निघाला, तर जन्मभर तुमच्या हाताला तुमच्या वडिलांचं काहीच लागलं नाही, असं होईल.

लहानपणी मी त्याने पेन्सिल तासायला बसले होते. "ठेव तो. माझ्या वडिलांचा आहे," एवढंच म्हणालात. आवाज चढला नव्हता, तरी मी दिवसभर तुमच्यासमोर आले नाही. तुम्ही स्वतः त्याने कधी दाढी केली नाहीत. तो बाहेर निघायचा फक्त दसऱ्याला. लखनौच्या रेल्वे क्वार्टरमधलं ते स्वयंपाकघर मला अजून दिसतं. इथे आपटा मिळत नाही म्हणून आणलेली कचनारची पानं, पूजेला मांडलेली तुमची मोजपट्टी, आईची विळी, आणि तुम्ही चुलीतली राख घेऊन वस्तरा घासताय. आई म्हणते, "अहो, पुरे आता. वस्तरा आहे तो, तलवार नव्हे." पात्यावरून तुमचं बोट भरभर फिरतं आणि घंटेशी येऊन थांबतं. तिथे तुम्ही घासतच राहता. मला वाटायचं, तिथला मळ निघत नसेल. आता वाटतं, चांदणीचं तुम्हालाही कुणी सांगितलं होतं का? हा वस्तरा नखासच्या जुन्या बाजारातून तर... नाही, पुढचं मला लिहवत नाही.

एक मात्र सांगते. तुमचं भिंग वस्तऱ्याच्याच खणात आहे, पण मी ते काढलं नाही. फोन ठेवला, देवघरातली उदबत्तीची राख चिमटीत घेतली आणि घंटेच्या वर, चांदणी असेल किंवा नसेल तिथे, घासत बसले. तुम्ही घासायचात तसंच.