चिमणीच्या बुडाची चार भोकं

२१ एप्रिल २०२५

बाबूलाल शेठ आज आमच्या अंगणात! तेरा वर्षांनी.

मी तांदूळ निवडत होते. मोटरसायकल थांबली, शेठ उतरले, आणि मामाजी, माझे सासरे, खाटेवरून उठून सरळ घरात गेले. गुडघे दुखतात म्हणून सकाळपासून न हललेला माणूस! सासूनं, आत्याबाईंनी, शेठला पाणी दिलं, पण तांब्या आदळून.

शेठची अड्याळला मुरमुऱ्याची भट्टी आहे. तिची चिमणी मामाजींनी बांधली, २०१२ साली. पहिल्याच पावसाळ्यात चिमणीच्या कडेनं पाणी खालच्या गोदामात उतरलं, मुरमुरे नरम पडले, आणि शेठनं भर बाजारात मामाजींना नको ते सुनावलं. तेव्हापासून अड्याळात त्यांना कोणी काम दिलं नाही. तिकडे एखादं छत गळलं की अजून म्हणतात, नत्थूची चिमणी झाली.

चार मिस्त्री झाले, शेठ सांगत होते. डांबर झालं, केमिकल झालं. ओल वाढतेच आहे. भंडाऱ्याच्या व्यापाऱ्यानं माल परत पाठवला. आता कोणी त्या चिमणीला हात लावायला तयार नाही. "चंद्रकुमारच्या ओळखीचा कोनी असन तं..."

चंद्रकुमार (नवऱ्याचं नाव — इथे वहीत कोण ऐकतंय!) तोंड उघडणार तोच आतून मामाजींचा आवाज आला.

"शुभांगी जाईन."

"बाई? चिमणीवर बाई चढेल?"

"थे चढन. तुमी खाली उभे राहून पाहा."

चिमणीवर मी! अकरा वर्षं रेजा म्हणून मिस्त्रीच्या हाताखाली घमेली वाहिली, दोन वर्षांपासून हातात थापी आहे. शाळेची गच्ची केली, सात-आठ घरं केली. तरी बोलवायला येणारा विचारतो, "नत्थूची सून आहे का घरी?" मिस्त्री कोणी म्हणत नाही.

ही चिमणी कोरडी झाली तर मामाजींचं नाव परत येईल, आणि मला माझं मिळेल. नाही झाली तर दोघांचंही गेलं.

२२ एप्रिल

आत्याबाई: "पडलीस तं मी भात रांधून नाही देनार." म्हणजे जा.

२४ एप्रिल

चढले. गच्चीच्या वर दहा फूट चिमणी, आणि तिच्या अंगावर थरांवर थर — सिमेंट, डांबर, पांढरं केमिकल, त्यावर पुन्हा सिमेंट. आजारी माणसाला एकावर एक स्वेटर चढवावेत तशी. थापीच्या दांड्यानं ठोकलं तर सगळीकडे पोकळ आवाज. एक पोपडा काढला, आतली वीट ओली! अवकाळी पाऊस येऊन आठ दिवस झाले, वर बेचाळीस डिग्री ऊन, आणि वीट ओली. पाणी आत येतंय ही गोष्ट वेगळी. ते बाहेर का जात नाही?

मापं घेतली. ही वही त्यासाठीच तर सुरू केली होती मी. मामाजींना लिहिता येत नाही, म्हणून त्यांची मापं मी लिहायची. हळूहळू मापांच्या मागे बाकीचंही लिहायला लागले.

ही गच्ची माझी पहिली. लग्नाला महिना झाला होता, हातात हिरवा चुडा. घमेली वाहताना रोज दोन बांगड्या फुटायच्या आणि आत्याबाई रोज ओरडायच्या, "अशानं लोक काय म्हनतीन?" शेवटच्या दिवशी परांची उतरवत होतो. परांचीच्या बल्ल्यांसाठी चिमणीच्या भिंतीत सोडलेली भोकं बुजवायची राहिली होती. मामाजींनी थापी माझ्या हातात दिली — आयुष्यात पहिल्यांदा! वरपासून खालपर्यंत बुजवली, एकसुद्धा सोडलं नाही. खालून ते म्हणाले होते, "हात साफ आहे पोरीचा." तेरा वर्षांत ते वाक्य किती वेळा मनात म्हटलं असेल मी.

२७ एप्रिल

जेवताना मामाजी एकदम म्हणाले, "वर नको पाहू आधी. बुडाशी ठोक. गच्चीपासून इतभर उंच."

"काय आहे तिथी?"

"ठोक तं."

भात अर्धा सोडून उठले.

२८ एप्रिल

सापडलं!!

दक्षिणेच्या अंगानं, गच्चीपासून बरोबर वीतभर उंचीवर थर खरवडले. विटांमध्ये मुठीएवढा चौकोन, वेगळ्या रंगाचा. छिन्नी लावली, तीन ठोक्यांत सिमेंट-रेतीच्या मसाल्याचं ढेकूळ अख्खं निघून आलं, आणि मागून भसकन काळं पाणी माझ्या पायांवर! चारही बाजूंना एकेक. चारही बुजवलेली.

मग सगळं डोळ्यांसमोर आलं. मामाजींनी चिमणी दुहेरी बांधली आहे. आत भट्टीच्या विटेची नळी, बाहेर साध्या विटेची भिंत, दोघींत दोन बोटं मोकळी जागा. आतली तापून फुगते, तिला फुगायला जागा हवी. बाहेरची वीट पावसात पाणी पिणारच, कोणी काहीही फासा. ते पाणी मोकळ्या जागेतून खाली उतरतं, बुडाशी उताराचा थर आहे, आणि तिथून चार भोकांवाटे गच्चीवर यायला हवं. भोकं बंद, म्हणून त्याला एकच वाट उरली — गोदाम. चार मिस्त्र्यांनी बाहेरून जितकं लिंपलं, तितकं ते आत कोंडलं.

मामाजींची चिमणी बरोबर होती! तेरा वर्षं बरोबर होती!

शेठ शिडीवरून डोकं वर काढून ओरडले, "गळते म्हणून बोलावलं, अन् तू भोकं पाडून राहिली?"

मी काळ्या पाण्याचा डबा त्यांच्या नाकाखाली धरला. "हे पाहा शेठ. तुमच्या गोदामात जात होतं, ते."

शेठनं डब्यात बोट बुडवून पाहिलं. मग म्हणाले, "नत्थू बी हेच बोलला होता. भोकं उघडू द्या म्हने. मी वर पाय नाही ठेवू दिला त्याला." मग भोकाकडे बोट दाखवून, "मग बुजवली कोनी?"

"तुमच्या चार मिस्त्र्यांतल्याच कोण्या शहाण्यानं!" मी म्हणाले. कमरेवर हात ठेवून म्हणाले. खाली चंद्रकुमार मसाला कालवायचा थांबून माझ्याकडे बघत होता.

२९ एप्रिल

दक्षिणेचं ढेकूळ घरी आणलं. फळीवर मामाजींच्या ओळंब्याशेजारी ठेवलं, सगळ्यांना दिसेल असं. लोक ढाल ठेवतात, मी ढेकूळ.

मामाजींनी ते हातात घेतलं. नखानं वरचं डांबर खरवडत राहिले. मी आपली बोलतेच आहे, "कोन्या गाढवानं बुजवले असतीन..."

"काम करनाऱ्याले गाढव नाही म्हनाचं!" एकदम खेकसले. मला वाटलं होतं खूश होतील. तेरा वर्षांचा डाग गेला आणि हा माणूस मलाच रागावतो!

ढेकूळ ठेवलं तेही उलटं, थापी फिरवलेली साफ बाजू भिंतीकडे. मी सरळ केलं.

३ मे

भंडाऱ्याला गोपीचंदकडे. पूर्वी पितळेच्या घागरी ठोकायचा, आता कूलरच्या पेट्या बनवतो. त्याच्यासमोर कागदाची घडी करून दाखवली — पत्र्याची वरची कड विटांच्या सांध्यात बोटभर आत जाईल, तिथून पत्रा उतरून खालच्या पत्र्यावर नुसता टेकेल, आणि खालचा गच्चीवर पसरेल. जोडायचा नाही. भट्टी पेटली की चिमणी हलते, गच्चीशी कोपऱ्यात थापलेला सिमेंटचा गोळा दरवर्षी तिथेच तडकतो. पत्रा सरकेल, तडकणार नाही.

"म्हणजे चिमणीले कॉलर!" गोपीचंद म्हणाला. "हयात घागरीचे गळे बनवण्यात गेली, बाई. कॉलर पहिल्यांदा. टाय बी देऊ का संग?"

पण कोपरे असे वळवून दिले की जोडाचा डाग कुठे आहे ते बोटाला लागत नाही. पितळेचा हात.

८ मे

कॉलर बसली. भोकांच्या खाली, चारही बाजूंनी. जुने सगळे थर उतरवले, चिमणी पुन्हा विटेची दिसायला लागली. सांधे नव्यानं भरले. आज वरची टोपी — चारी बाजूंना उतार, तीन बोटं बाहेर आलेली, आणि खालच्या अंगाला सुतळी दाबून केलेली खाच. पाणी कडेवरून वळून उलटं भिंतीकडे चालत येतं. खाच आली की त्याला पुढे जाता येत नाही, थेंब सुटून पडतो. हे मामाजींनी शिकवलं. चंद्रकुमारला समजावलं तर म्हणाला, "पाण्यालेही धाक दाखवतं तू."

रस्त्यावरून त्याचा कोणी दोस्त ओरडला, "काय गा, बायकोच्या हाताखाली?"

"हो बावा! मिस्त्री लय कडक आहे. चहा बी इचारून प्या लागते."

मला मिस्त्री म्हणाला. चेष्टेत का होईना, आधी तोच म्हणाला.

९ मे

ढेकूळ पुन्हा उलटं. आत्याबाई झाडताना करत असतील. सरळ केलं. साफ बाजूला एक हिरवा ठिपका आहे, रेतीत बाटलीची काच आली असेल.

११ मे

चार तास चिमणीवर पाण्याचा पाइप धरला. शेठ खाली गोदामात खुर्ची टाकून, मान वर करून बसलेले. तिसऱ्या तासाला दक्षिणेच्या भोकातून पहिली धार आली. मग पूर्वेची. चारही वाहायला लागली — चार लहान नळ! पाणी कॉलरवरून गच्चीवर, गच्चीवरून पन्हाळीत.

वरून ओरडले, "शेठ, खाली काय?"

"मान दुखून राहिली. बाकी काही नाही."

मामाजींना घरी येऊन सांगितलं. म्हणाले, "पाइपाचं पानी वरून पडते. झडीचं आडवं येते. थांब अजून."

१७ जुलै

तीन दिवस झड. आडवा पाऊस. गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले म्हणतात. शेठचा फोन नाही. मीही करत नाही.

१८ जुलै

फोन नाही. मामाजी आज चार वेळा दारापर्यंत जाऊन आले. गुडघे विसरले वाटतं.

१९ जुलै

शेठ आले! पाऊस जरा थांबला तसे, मागे मुरमुऱ्याचं पोतं बांधून.

पोत्याचं तोंड सोडलं, मूठभर मामाजींच्या हातात दिले. मामाजींनी तोंडात टाकले. अंगणात सगळ्यांना ऐकू आलं — कुर्रर! माझ्या आयुष्यात इतका चांगला आवाज मी ऐकला नाही.

"टपका नाही पडला," शेठ म्हणाले. "पाच दिवसांत एक नाही. नत्थू, गलती माझी. भर बाजारात बोललो होतो, आज भर बाजारात सांगून आलो. नत्थूनं बरोबर बांधली होती, मीच ऐकलं नाही."

मामाजी मुरमुरे चावतच राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "कडक आहेत." डोळे मात्र पुसले. आत्याबाईंनी चहा ठेवला, आणि या खेपेला कप आदळला नाही.

शेठ बोलत होते, "काय करू, पहिल्याच पावसात गळली ना. दुसरा कोनी वर चढलाच नव्हता तोवर. मला वाटलं, बांधनाऱ्याचीच चूक."

निघताना मोटरसायकलवर बसून माझ्याकडे वळले. "मिस्त्री, भावाच्या मिलची भिंत पाहून घ्या एकदा. गच्चीच्या वरची. ओल मारते."

मिस्त्री! आणि घ्या!

मी मामाजींकडे पाहिलं. ते हसत होते, पण माझ्याकडे बघून नाही. फळीकडे बघत होते.

२० जुलै

ढेकूळ पुन्हा उलटं. आत्याबाई अजून उठल्याही नव्हत्या.

पहिल्याच पावसात गळली. दुसरा कोणी तोवर वर चढलाच नव्हता. शेठनं काल सरळ सांगितलं, मी मुरमुरे खात ऐकलं.

दारात उजेडाला नेलं. हिरवा ठिपका बाटलीचा नाही. वाकडा आहे, वर सोनेरी रेघ. माझा चुडा.

मामाजी मागे उभे.

"तुमाले कधीपासून मालूम?"

"पहिल्याच पावसापासून."

"मंग बोलले काहून नाही?"

"भोकं बुजव म्हणून मीच सांगतलं तुले. कोनते नाही बुजवाचे, थे सांगाचं राहिलं. चूक मिस्त्रीची रायते, रेजाची नाही."

उद्या पहिल्या बसनं अड्याळ. शेठला सांगायचं आहे, बाजारातच. मिस्त्री आता मी आहे.