किल्ल्याचा दुसरा भाग

२२ ऑगस्ट ९४, सोमवार

सकाळी राजवाड्याला, कॅसेटी पुरवणाऱ्या सेठकडे. काउंटरवर दिल्लीचा नवा रंगीत कॅटलॉग पडला होता. आत ‘किल्ला’ या व्हिडिओ गेमचा भाग दोन! तोच गडी, तीच लाल पगडी, फक्त आता नावेत बसलेला. सेठ म्हणाला, "दिवाली तक पक्का, भिया. इंदौर में पहला पीस तुम्हारा." ते पान मागून आणलं, माझ्या व्हिडिओ गेमच्या दुकानात टीव्ही क्र. २ च्या वर चिकटवलं.

चित्रात पगडीचा तुरा डावीकडे आहे. भाग एकमध्ये उजवीकडे. छापताना निगेटिव्ह उलटी पडली असणार. सेठला दाखवलं तर हसला. त्याला मालाशी मतलब.

२३ ऑगस्ट

पान बघायला गर्दी. दीड वर्ष सगळ्यांचा एकच प्रश्न. किल्ला सर झाला की गडी बुरुजावरून खाली येतो, नावेत बसतो, आणि पडदा काळा. नाव जाते कुठे? मी तेव्हाच म्हटलं होतं, पुढचा भाग असणार, असा अर्धवट शेवट उगाच कोणी करत नाही. तेव्हा हसले. आता पान भिंतीवर आहे.

२९ ऑगस्ट, सोमवार

गेंदालाल आला, बंद पडलेल्या मिलच्या गेटवरून सरळ इथे. दर सोमवारी त्याची ती चक्कर असतेच. विणाई खात्यात होता तेव्हा सुद्धा इतका नियमित नव्हता. म्हणाला, "नई नोटिस लगी है. एक अक्टूबर को खुलेगी."

म्हटलं, मागच्या वेळी एक जुलै होती.

"तो आगे बढ़ी न भिया, पीछे तो नी गई."

त्या गेटवर नोटिशीवर नोटीस चिकटवून पुठ्ठा झाला आहे. मीही तिथलाच वायरमन, गेटच्या दिव्यांचं वायरिंग माझं. मी तिकडे जाणं सोडलं.

दुपारी दुकानाच्या पाटीवर लिहिलं: ‘किल्ला, भाग २. दिवाळीला. इंदुरात प्रथम.’ ऑइल पेंट, अक्षर माझंच. गेंदालाल बाजूला उभा. "पेंट से लिख दिया? चॉक से लिखते, पोंछ तो सकते." म्हटलं, पुसायचंच नाही म्हणून पेंट.

४ सप्टें., रविवार

विनायक आला होता. बायकोचा, नलूचा, धाकटा भाऊ, पीथमपूरच्या कारखान्यात सुपरवायझर. मेंटेनन्समध्ये जागा आहे, त्याच्याच हाताखाली. "भाऊजी, कंपनीची बस दारापर्यंत येते. हे पोरांचे खेळ किती दिवस चालणार?"

पोरांचे खेळ. टीव्ही उघडून बसणं, सर्किट वाचणं मी कुठल्या आयटीआयत नाही शिकलो. रद्दीतली पुस्तकं आणि डिक्शनरी. चारही सेट मी उभे केले. हे त्याला सांगितलं नाही. सांगून काय.

पण खरं ते खरं. जुन्या कॅसेटी गिऱ्हाइकाने चावून चोथा केल्या आहेत. शाळा सुरू झाल्यापासून संध्याकाळी सुद्धा दोन टीव्ही रिकामे. भाग २ आला आणि चालला तर दुकान टिकतं, नाहीतर पीथमपूर. तसंच सांगितलं त्याला. भाऊबीजेला उत्तर देतो म्हटलं.

"नोकरीचं उत्तर खेळावरून ठरवणार?"

"हो."

नलू पोळ्या वाढत होती. भावाला एक जास्त वाढली.

१२ सप्टें.

दुपारी दुकान बंद असतं तेव्हा नलू टीव्ही ३ वर खेळते. ३ म्हणजे जुना ब्लॅक-अँड-व्हाइट, गिऱ्हाईक तिकडे फिरकत नाही. बहात्तर-इन-वन कॅसेट, एकीत बहात्तर गेम, त्यातला क्र. ३७. पाणी, एक होडी, होडीत मुंगीएवढा माणूस. नाव नाही, गाव नाही. म्हटलं, अगं ते भरताड आहे, बहात्तर आकडा गाठायला घातलेलं. गिऱ्हाइकांना मी कधीच सांगून ठेवलंय, ३७ लावू नका, वेळ फुकट जाईल.

"मला बरं वाटतं," म्हणाली. "कोणी कोणाला मारत नाही. होडी आपली चाललेली असते."

मगर आहे म्हणे पुढे. असेल.

१९ सप्टें.

काल अनंत चतुर्दशी. मिल बंद, पण मिरवणुकीत मिलची झांकी, दिव्यांचा चित्ररथ, निघाली. दिवे याही वर्षी मीच केले, शेवटपर्यंत एकही माळ गेली नाही. गेंदालाल झांकीबरोबर पूर्ण रस्ता चालला, नवीन कुर्ता घालून.

कृष्णपुऱ्याच्या पुलाजवळ गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "ओ काका, किल्ला कब आ रिया है?" मग चहूकडून तेच. मी झांकीवरून ओरडलो, दिवाली! गेंदालालने खालून माझ्याकडे पाहिलं. मिल कब खुल री है, हे कोणी विचारलं नाही.

१४ ऑक्टो., दसरा

मशीनांची पूजा. चारही टीव्हींना झेंडूचे हार. जॉयस्टिकवर कुंकू लावू नको म्हणून नलूला दरवर्षी सांगावं लागतं, कॉन्टॅक्ट खराब होतात.

सेठचा निरोप, माल दिल्लीहून निघाला.

मिल उघडायची एक तारीख आली नि गेली. गेटवर नवीन कागद, आता पहली जनवरी. गेंदालाल आला. दोघांनी शेव खाल्ली.

तुकोगंजचे डॉ. म्हसकर, दातांचे, लंच अवरमध्ये नेहमीप्रमाणे हेलिकॉप्टर खेळायला आले. आज हेलिकॉप्टर सोडून भिंतीवरच्या पानाकडे बघत बसले. "वसंतराव, पेशंटच्या तोंडात ड्रिल असतं आणि माझ्या डोक्यात ती नाव."

म्हटलं, हे पेशंटला सांगू नका.

३१ ऑक्टो., सोमवार

आली.

खोका कोरा, सील पक्कं. शटर अर्धं पाडून टीव्ही २ ला लावली. आधी नाव आलं, मोठ्या अक्षरात. मग लांब किल्ला, बुरुजावर दिवा. मग पाणी. नावेत गडी, पगडी लाल, तुरा उजवीकडे. निगेटिव्हबद्दल माझं बरोबर होतं.

नलूला हाक मारली. पदराला हात पुसत आली, क्षणभर उभी राहिली.

"अहो, हा तर माझा होडीवाला."

म्हटलं, नीट बघ.

"बघतेय. आता डावीकडून मगर येईल."

आली.

"दोन खडक, मग पूल."

खडक, खडक, पूल.

बहात्तर-इन-वन काढून टीव्ही १ ला लावली, तो रंगीत. ३७. सुरुवातीचं नाव आणि लांबचा किल्ला तेवढा कापलेला, एकदम पाण्यातच सुरू होतं. बाकी खडक न खडक तोच. आणि पगडी लाल. तीन नंबरवर ती करडी दिसायची.

दीड वर्ष हा दुकानात होता. मीच लावू नका म्हणून सांगत होतो.

चहा तसाच राहिला.

१ नोव्हें.

सेठचा दोष नाही. त्याने जो माल सांगितला तोच दिला. कॅसेट खरी आहे.

गेंदालालला सांगितलं. त्याचा तोडगा तयार. "बहत्तर वाली अलमारी में डालो, ताला मारो, खतम. खोखा नया, नाम नया. किसको पता चलेगा?" मग विडी पेटवून, "मिल वालों ने अपन को कभी कुछ बताया?"

बोलणं चुकीचं नाही. ३७ कोणी खेळलेलंच नाही, माझ्याच शब्दावर. पाटीवर लिहिलंय तेही खोटं ठरत नाही. दिवाळीला म्हटलं, दिवाळीला आला. पेंट तसाच राहू द्यायचा, बस. आणि हे बाहेर पडलं तर? वाट बघून बघून हाती आलं काय, तर घरचंच. कोण फिरकेल मग?

नलूला विचारलं, ती कॅसेट कपाटात ठेवू का.

"मग मी दुपारी काय खेळू?"

तेवढंच म्हणाली. कणकेचे हात होते.

३ नोव्हें., लक्ष्मीपूजन

सकाळी पाटीवर खाली लिहिलं, पेंटनेच: ‘आला आहे. आधीपासून इथेच होता, क्र. ३७. मला ओळखता आला नाही.’

दुपारनंतर शटर उघडलं. आधी सगळे वाचत उभे. मग एकच कल्ला. "काका, तुमने ही तो बोला था फालतू है!" "डेढ़ साल से अपन पागल थे क्या?" बरेच जण तिथूनच वळले, बाजारात व्हिडिओ गेमचं नवं दुकान निघालंय तिकडे गेले असतील. हातातले फटाके आमच्याच दारात वाजवून गेले. डॉ. म्हसकर मात्र इतके हसले की स्टुलावरून पडायचे राहिले.

जे थांबले त्यांनी विचारलं, आगे क्या है? किती लांब जातो?

माझ्याच दुकानात मला येत नव्हतं. म्हटलं, इनको पूछो.

नलू पूजेचं ताट घेऊन दारात होती. ताट माझ्या हातात दिलं. मगर उजव्या अंगाने चुकवायची, म्हणाली, पूल लागला की वल्हं थांबवायचं, नाहीतर होडी कमानीला आपटते. त्यापुढे पाण्यातच एक लोखंडी दरवाजा. "तो उघडत नाही. मी सगळं करून पाहिलं."

मग डॉक्टर टीव्हीजवळ वाकले. "वहिनी, दुसऱ्या खडकावर पिवळं काय आहे? कंदील ना? तो घेतला का कधी?"

"तो दगड आहे."

"ब्लॅक-अँड-व्हाइटवर दगड."

नलू पुढे होऊन बघत राहिली. बाहेर अनार लागला तेव्हा तिचा चेहरा दिसला. पूजेला उशीर झाला. लक्ष्मीला चालतं म्हणाली.

४ नोव्हें.

गर्दी बरी, पण ही दिवाळीची गर्दी. सुट्ट्या संपल्यावर काय, ते आज कळणार नाही.

५ नोव्हें., भाऊबीज

विनायकने आत येण्याआधी पाटी वाचली. उभ्यानेच. "भाऊजी, ओळखता आला नाही, असं कोणी स्वतःच्या दुकानावर लिहितं?"

ओवाळणं झालं. चहा होईपर्यंत टीव्ही १ वर बसला, सहज म्हणून. मगरीने गिळला. परत बसला, परत गिळला. चहा आला तरी जॉयस्टिक सुटेना.

"ताई, हिला चुकवायचं कसं?"

"तू सुपरवायझर ना. बघ की."

फार दिवसांनी नलूला असं हसताना ऐकलं.

निघताना चपला घालता घालता विचारलं त्याने. काय ठरलं?

भाऊबीजेला सांगतो म्हटलं होतं. आज भाऊबीज. तोंडाशी हो आलं नाही, नाही पण आलं नाही. म्हटलं, दोन दिवस दे.

"सोमवारी सकाळी शिफ्टच्या आधी फोन करा. मग माझ्या हातात नाही." रागावला नव्हता. तेच जास्त लागलं.

गेंदालाल पायरीवर बसून ऐकत होता. विनायक गेल्यावर म्हणाला, "तारीख आगे बढ़ा दी, भिया?"

बढ़ा दी.

६ नोव्हें., रविवार

काउंटरवर बसून लिहितो आहे. सकाळचे पोहे झाले. टीव्ही १ समोर नलू, आज हिने स्वयंपाक लवकर उरकला. मागे डॉक्टर, आज त्यांचा दवाखाना बंद, आणि मोहल्ल्यातले दहा-बारा. दोघं-तिघं असे आहेत की लक्ष्मीपूजनाला फटाके वाजवून गेले होते. गेंदालाल एकदम पुढे, जॉयस्टिक त्याने जन्मात धरलेली नाही.

कंदील घेतला. घेता येतो. नावेच्या टोकाला लटकतो आणि पाण्यात पिवळा पट्टा पडतो. पूल गेला. आता दरवाजा.

दरवाजावर गजांच्या मध्ये काहीतरी चाकासारखं दिसतंय. कंदील नसताना ते दिसत नव्हतं.

"धक्का मारो, भाभी!" गेंदालाल.

"गेंदालालजी, धक्का नाही, फिरवायचं असेल ते," डॉक्टर.

"अहो," नलू मान न वळवता, "दिवा वर कुठल्या बटणाने धरायचा?"

मला माहीत नाही. तसं सांगितलं. सगळी बटणं एकेक करून बघ म्हटलं, ती बघतेच आहे.

उद्या सोमवार. विनायकच्या कारखान्याचा नंबर वरच्या खिशात आहे. पाटीवर खाली अजून एका ओळीची जागा आहे. ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवला आहे, बाहेर राहिला तर कडक होतो.