उन्हातली गॅलरी

बाबा, आज ऑफिसात सगळ्यांनी माझं कौतुक केलं आणि मला कुठे तोंड लपवू असं झालं. रविवारी आमच्या फुटबॉल टीमची मॅच आहे, दुपारी चारची, आणि तिकिटं नेहमीसारखीच पडून आहेत. ही टीम तुम्ही पाहिली नाही. तुमच्या वेळची बंद पडली, मधे काही वर्षं काहीच नव्हतं, मग दुसऱ्या मालकांनी दुसरं नाव आणि दुसरा रंग घेऊन नवी उभी केली, आणि तिकिटं विकायला पुन्हा मीच. फरक एवढाच की आता मला मॅडम म्हणतात. तर नवीन आलेला मार्केटिंगवाला मीटिंगमध्ये म्हणाला, "मॅडम, लाइव्हमध्ये समोरची गॅलरी रिकामी दिसते, स्पॉन्सर तोंड वाकडं करतात. छताखाली बसणारे सगळे उचलून समोर नेले तर?" सगळे माझ्याकडे पाहून राहिले. मग मी म्हटलं, न्या, पण आधी वर कापड ताणा, दर दोन रांगांना पाण्याचा कॅन ठेवा, पाणी वाटायला माणसं उभी करा. हे झालं नाही तर एकही माणूस जागचा हलवायचा नाही. तो म्हणाला, "मॅडमला पब्लिकची किती काळजी!" दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. इतक्या वर्षांत हे कोणाला सांगितलं नाही, म्हणून तुम्हाला माहीत असलेलंही पहिल्यापासून सांगते, रागावू नका. कोराडीला पॉवर हाउसच्या क्वार्टरात आपण दोघंच. आई गेल्यावर स्वयंपाक तुमच्याकडे आणि कपडे माझ्याकडे, कारण राख उडायला लागली की दोरीवरचे कपडे काढायचे असतात हे तुमच्या डोक्यात रिटायर होईपर्यंत शिरलं नाही. सकाळची वेळ आहे. तुम्ही ओट्यापाशी उभं राहून पोहे हलवताय आणि मी मागून सांगते की मला नोकरी लागली, फुटबॉलच्या टीममध्ये. तुमचा हात थांबतो. तुम्ही पॉवर हाउसच्या टीमचे गोलकीपर. दिवसा कोळशाच्या पट्ट्यावर ड्यूटी, संध्याकाळी मैदान, आणि उभ्या जन्मात फुटबॉलसाठी तुम्हाला कोणी दमडी दिली नव्हती. "फुटबॉलचा पगार भेटन तुले?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, खेळायचा नाही बाबा, तिकिटं विकायचा. "तेच तं म्हणतो ना वं! आपल्या नागपुरात फुटबॉल पाहाले तिकीट लागन आता!" तोवर पोहे खाली लागले. ते करपलेले पोहे आपण हसत हसत खाल्ले आणि तुम्ही कॉलनीभर सांगत सुटलात.

पहिल्याच मॅचला मी तुमच्यासाठी पास आणला. मोठ्या तोऱ्यात तुमच्यापुढे ठेवला. तुम्ही तो उलटसुलट करून पाहिला आणि असे भडकलात की बस. "हे काय होय?" मी म्हटलं, पास आहे, स्टाफला फुकट मिळतात. "फुकट पाहिली तं शिव्या द्याचा हक राहते का मंग? ने वापस." मी रडकुंडीला आले होते, पण तुमचं म्हणणं तेव्हाही पटलं होतं, फक्त कबूल केलं नाही. तुम्ही तिकीट काढून आलात, आणि एकटे नाही, जुन्या टीमचे सात जण सोबत घेऊन. कोराडीची बस, खांद्यावर दुपट्टा, एका खिशात भुईमुगाची फल्ली आणि उन्हाळा लागला की ऊन बाधू नये म्हणून दुसऱ्या खिशात कांदा. बसायची जागा ठरलेली, छताखालच्या सावलीच्या गॅलरीत, गोलपोस्टच्या जवळ. तुमच्या शेजारी फुलबॅक काका. ते तुमच्यासमोर इतकी वर्षं बॅक खेळले की त्यांची पाठ तुम्हाला त्यांच्या तोंडापेक्षा जास्त ओळखीची, असं तुम्हीच म्हणायचे. तुम्ही आठ म्हातारे मिळून अख्ख्या गॅलरीएवढा आवाज करायचे. "अबे, गोलकीपर होय का ट्राफिक पोलीस? नुसता हात दाखवून राहिला!" मला आधी लाज वाटायची. मग लक्षात आलं की त्या एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये मनापासून आलेले तुम्हीच आहात.

कारण बाकी कोणी येतच नव्हतं. मी काय काय नाही केलं बाबा! रिक्षावर भोंगा लावून फिरवला. कॉलेजांत गठ्ठ्यानं पास वाटले, पोट्ट्यांनी हसत घेतले आणि एक आला नाही. बुटीबोरीला कारखान्याच्या गेटवर शिफ्ट सुटायच्या वेळी उभी राहिले. माणसं थांबायची, पोस्टर नीट वाचायची आणि म्हणायची, "मॅडम, एक ही तो संडे है, सोने दो." क्रिकेट असलं की हेच शहर तिकिटासाठी ओळखी काढत फिरतं, आणि फुटबॉलचं तिकीट पुढे केलं की ओळखीचा माणूससुद्धा रस्ता बदलतो. त्यात आमच्या मॅचेस चार वाजता, एप्रिलमध्ये, कारण संध्याकाळी दिवे लावणं मालकांना परवडत नव्हतं. लोकल केबलवाले मॅच दाखवायचे. त्यांचा कॅमेरा छतावर, तुमच्या डोक्यावरच. म्हणजे जे काय शे-पन्नास लोक यायचे ते सावलीत, कॅमेऱ्याखाली, आणि टीव्हीवर दिसायची समोरची भकास रिकामी गॅलरी. मालक बाहेरगावचे, ते घरी बसून टीव्हीवरच पाहायचे. एक दिवस त्यांचा फोन आला की असंच दिसत राहिलं तर पुढच्या सीझनला टीम ठेवणार नाही. मी क्वार्टरच्या ओट्यापाशी उभी होते, तुम्ही पुढच्या खोलीत. मी फोनवर म्हटलं, सर, माझ्याकडे एक आयडिया आहे. सावलीची गॅलरी बंद करू आणि सगळ्यांना समोर बसवू. मालक खूश झाले. आयडिया माझी होती, बाबा. ऑर्डर वगैरे काही आली नव्हती.

त्या रविवारी हातात भोंगा घेऊन मीच ओरडले की सगळ्यांनी कृपया समोरच्या गॅलरीत चला. समोर म्हणजे तोंडावर ऊन, सिमेंटच्या पायऱ्या, वर आभाळ. निम्मे लोक तिथूनच घरी निघाले. फुलबॅक काका उठायलाच तयार नाहीत. "सावलीचं तिकीट घेतलं मी. उन्हात काहून बसू?" बरोबरच होतं त्यांचं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी म्हटलं, "वरून ऑर्डर आहे बाबा. माझ्या हातात काही नाही." इतकं सहज म्हटलं की मलाच खरं वाटलं. तुम्ही उठलात. मग दुपट्टा डोक्याला बांधलात आणि म्हणालात, "चाला रे. पोरीच्या नोकरीचा सवाल आहे." तुम्ही पुढे, काका कुरकुरत मागे, बाकीचे त्यांच्या मागे. मैदानाला अर्धा वळसा घालून तुम्ही समोर जाऊन बसलात, आणि तुम्हाला पाहून राहिलेले लोकही निघाले. तुम्ही नसता तर एक माणूस हलला नसता.

मी मात्र सावलीतच राहिले. मला केबलवाल्याच्या टेबलापाशी उभं राहायचं होतं, त्याच्या छोट्या टीव्हीवर कसं दिसतं ते पाहायला. आणि मस्त दिसत होतं! बॉल तिकडे गेला की मागे माणसं दिसायची. मालकांचा फोन आला, "व्हेरी गुड." पाण्याचा स्टॉल आमच्या बाजूला, छताखाली. तिकडे पाणी ठेवायचं माझ्या डोक्यातच आलं नाही, ही माझी अक्कल. हाफ टाइम व्हायच्या थोडं आधी तुम्ही उभं राहून माझ्या दिशेनं हात वर केलात. मी इकडून हात हलवला. तुम्ही बसलात. हाफ टाइमची शिट्टी वाजली आणि पाहते तर तुम्ही आणि अजून दोघं फुलबॅक काकांना खांद्याला धरून मैदानाच्या कडेनं आणताय. त्यांचे पाय ओढले जात होते. कांदा खिशातून पडला, तो तुम्ही वाकून उचललात हे मला उगाचच आठवतं. काकांना दवाखान्यात नेलं, सलाइन लावलं, दुसऱ्या दिवशी ते घरी आले. वाचले. पण त्यांच्या मुलानं क्वार्टरासमोर उभं राहून तुम्हाला सगळ्या लाइनीसमोर सुनावलं, "तुमच्या पोरीच्या टीव्हीपाई माह्या बापाले मारता का?" तुम्ही हात जोडलेत. मी दाराआड होते. मी बाहेर यायला पाहिजे होतं, आणि मी आले नाही.

त्यानंतर तुमची टोळी मोडली. काकांना घरच्यांनी बंदी केली, बाकीच्यांच्या घरचेही नको म्हणाले, आणि चौकातल्या कट्ट्यावर तुम्ही गेलात की बोलणं थांबायला लागलं. ज्या माणसांसोबत तुम्ही तीस वर्षं घाम गाळला, ती माणसं माझ्या एका हुशारीपायी गेली. तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत. मी तेव्हा त्याला तुमचा चांगुलपणा समजून सुखानं झोपत होते. उरलेल्या मॅचेसना तुम्ही एकटे आलात, तिकीट काढून. सावलीची गॅलरी पुन्हा उघडली होती, तरी तुम्ही समोर उन्हातच जाऊन बसायचे. मी एकदा चिडून विचारलं, हा काय हट्ट आहे, कशाला जाता तिकडे? तुम्ही म्हणालात, "कोणी तरी दिसलं पायजे ना वं तिकडं." सीझन संपला आणि मालकांनी टीम बंद केली ती केलीच. पुढच्या हिवाळ्यात तुम्ही गेलात. हार्टचं दुखणं होतं, उन्हाचा काही संबंध नाही असं डॉक्टर म्हणाले. मी त्यांना दोनदा विचारलं.

तुमच्या पुण्यानुमोदनाला फुलबॅक काका आले. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, लोक पांगले, तरी ते खुर्चीवर बसून होते. मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "तुह्या बापाले पहिलेपासून मालूम होतं, बाई. त्या दिवशी बसमधेच सांगतलं त्यानं आमाले. म्हणे, पोरीनं आयडिया काढली, टीव्हीवर स्टेडियम भरलेलं दिसन, आज काही झालं तरी ती म्हणन तिथं बसाचं. मी तं उगाच नखरा केला, त्याले चिडवाले." म्हणजे वरून ऑर्डर आहे असं मी तुमच्या डोळ्यांत पाहून म्हटलं, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं. ओट्यापासचा फोन तुम्ही ऐकला होता, आयडियाचं कौतुक बसभर सांगत आला होता, आणि मी तुमच्यासमोर ती झटकून टाकली. तरी तुम्ही दुपट्टा बांधलात. काका पुढे म्हणाले, "पाणी मांगतलं ना त्यानं तुले, हात करून. मी म्हटलं, पोरीनं पाहून न पाहिल्यासारखं केलं. तं माह्यावरच खेकसला. म्हणे, दुरून नाही दिसलं तिले, तिले वाटलं मी टाटा करून राहिलो." मी मान हलवली. म्हटलं, हो काका, मला तसंच वाटलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मंग झालं तं. नको मनाले लावून घेऊ."

काका अजून आहेत. कोराडीलाच, मुलाकडे. ऐकू कमी येतं पण बाकी ठणठणीत आहेत. मघापासून वाटून राहिलं की रविवारच्या आधी बस धरून जावं आणि हे सगळं त्यांना वाचून दाखवावं. मी जाणार नाही, मला माहीत आहे. त्यांच्यापाशी अजून तुमचंच म्हणणं खरं आहे, आणि ते तसंच राहावं असं मला वाटतं. तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी.

दुरून दिसलं नाही, एवढं खरं आहे बाबा. पण मी टेबलापाशी होते आणि केबलवाल्याच्या छतावरच्या माणसानं नेमका तेव्हाच कॅमेरा तुमच्याकडे वळवला होता. छोट्या टीव्हीवर तुमचा चेहरा पूर्ण दिसत होता. दुपट्टा भिजलेला, एक हात काकांच्या पाठीवर, आणि दुसऱ्या हाताचा अंगठा तुम्ही तोंडाकडे नेत होता, दोनदा, तीनदा. हाफ टाइमला नऊ मिनिटं बाकी होती. आता पाणी पाठवलं तर सगळेच उठतील, सावलीत येतील आणि गॅलरी रिकामी दिसेल, एवढंच माझ्या मनात आलं. म्हणून मी हसून हात हलवला, म्हणजे तुम्हाला वाटावं की मला कळलंच नाही.