टाकीमागचा चाफा

८ जानेवारी

बाग साफ केली! सकाळी आठला लागलो, दोन वाजले. कंबर कामातून गेलीय, पण अंगण कसं लख्ख झालंय. ही घरी आली की बघेल — बघेल कसलं, डोळ्यांचं अजून काही खरं नाही. ऑपरेशन होऊन आठवडा झाला, पट्ट्या बांधून लेकीकडे पडून आहे. आल्यावर घर तरी नीट असावं.

खिडकीसमोरचं वाळकं झाड काढून टाकलं. अंगावर एक पान नाही, नुसता सांगाडा. करवत लावली तर आतून पांढरं पांढरं गळायला लागलं. पार सडलं होतं! मुळासकट उपटलं, अर्धवट काम मला जमत नाही. फांद्या पाण्याच्या टाकीमागे रचून ठेवल्यात.

१५ जानेवारी

ही आली. उजेड आणि अंधार, एवढंच कळतं तिला. डॉक्टर म्हणाले, यापुढे फार आशा धरू नका. लेक रडली. ही नाही रडली. चाचपडत व्हरांड्यातल्या खुर्चीत बसली आणि पहिला प्रश्न — "माझा चाफा कसा आहे?"

मी म्हटलं, कुठला चाफा?

"अहो, खिडकीसमोरचा. आता पानं टाकून उघडाबोडका उभा असेल. दर थंडीत असंच करतो मेला. नवख्या माणसाला वाटावं, गेलाच."

नजर टाकीकडे गेली. तोंडातून निघून गेलं — "आहे की. उभा आहे."

१६ जानेवारी

गोष्ट मला माहीत होती. हिच्या आईच्या अंगणातली वीतभर फांदी, ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर धरून आणलेली. ते घर आता नाही, वरून रस्ता गेला. गोष्ट माहीत होती, झाड माहीत नव्हतं! सातला बाहेर पडायचं, दिवे लागले की परत यायचं. एकोणतीस वर्षं ते खिडकीसमोर होतं आणि मी एकदा मान वर करून बघितलं नाही.

आणि मी कोण? लोकांच्या घरचे विजेचे मीटर वाचणारा. एकतीस वर्षांत एक आकडा मनाचा लिहिला नाही. कुत्रं अंगावर आलं तरी आत जाऊन, बघून लिहिला. उरलेल्या कोऱ्या रीडिंगच्या वहीतच हे लिहितोय. इथेही खोटं लिहायचं नाही, एवढं ठरवलंय.

उद्या सांगून टाकतो.

१७ जानेवारी

नाही सांगितलं.

३ फेब्रुवारी

आता रोजचाच नेम झालाय. चहा झाला की ही खुर्चीत, मी बागेत. फिरून यायचं आणि सांगायचं. आज सांगितलं — जास्वंद चार, मोगरा शून्य, फुलपाखरं दोन, पिवळी.

"हे काय, मीटर वाचताय? पिवळी म्हणजे कसली पिवळी? हळदीसारखी की लिंबासारखी?"

पुन्हा गेलो बघायला. लिंबासारखी. एक बसलं आणि पंख मिटून घेतले, तर नुसतं हिरवट पान! साठी उलटल्यावर मला हे कळतंय.

व्हरांड्याच्या तीन पायऱ्या ही उतरत नाही. लेकीकडे जिन्यात पाय चुकला होता, तेव्हापासून धास्ती बसलीय. मी हात धरतो म्हटलं तरी नको म्हणते. "चाफा फुलला की उतरेन." मी मान हलवली. मान हलवलेली तिला दिसत नाही, हे नंतर लक्षात आलं.

२२ फेब्रुवारी

कपड्यांच्या दोरीच्या लोंबत्या टोकाला कचरा अडकला होता. ओढणारच होतो — कचऱ्यातून चोच बाहेर आली! हात वरच राहिला. या वेळी आधी विचारून घेतलं. ही हरखलीच. "शिंजीर असेल. चोच वाकडी आहे ना? महिनाभर दोरीला हात लावायचा नाही."

कपडे आता खुर्च्यांवर वाळतात. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्ही आणि पक्षी?" मीही तेच म्हणतो.

१९ मार्च

पिल्लं उडाली! दोन. पहिलं पटकन गेलं, दुसरं अर्धा तास काठावर बसून होतं, आई समोरून ओरडतेय आणि हे ढिम्म. मी उभ्या उभ्या सगळं सांगत होतो, ही ऐकत होती. दुसरं उडालं तेव्हा हिने टाळ्या वाजवल्या. मग त्याच दमात — "आणि चाफ्याला कळ्या?"

"दोन-तीन दिसतायत."

अडखळलोसुद्धा नाही. खऱ्याच्या भरात खोटंही सहज निघून गेलं. हे चांगलं लक्षण नाही.

११ एप्रिल

कोपऱ्यावरच्या सलूनसमोर चाफा आहे. दाढीच्या निमित्ताने गेलो, तीन फुलं उचलली. सलूनवाला हसला. "काका, या वयात फुलं? कोणासाठी?" मी म्हटलं, बायकोसाठी. खरंच होतं की.

हिने फुलं नाकाशी नेली. बराच वेळ ओंजळीत धरून बसली. "आईच्या अंगणात सडा पडायचा," म्हणाली. दुपारी अर्ध्या जेवणावरून उठलो. ही विचारत राहिली, तब्येत बरी आहे ना? तीच मला विचारतेय!

२ मे

उतरते म्हणाली. मी म्हटलं, ऊन फार आहे.

२६ मे

टाकीची तोटी गळते म्हणून मागे गेलो. रचलेल्या फांद्यांना पानं! हिरवीगार, हाताएवढी. आणि एका फांदीच्या टोकाला फुलांचा गुच्छ — पांढरा, मध्ये पिवळा. माती नाही, कोणी विचारपूस केलेली नाही, गळक्या तोटीवर जगलं होतं बेटं. मी तिथेच विटेवर बसलो आणि रडलो. होय, रडलो.

उद्या खिडकीसमोर खड्डा करून लावतो. कोणाला कळायचं नाही. सुटलो!

२७ मे

खड्डा खणत होतो. मागे काठीचा आवाज. ही उतरली होती. एकटी, तिन्ही पायऱ्या! मला वाटलं माझ्याकडे येईल. ती वळली टाकीकडे. भिंतीला हात लावत, वासाच्या मागाने थेट मागे गेली, वाकली, फांद्या चाचपल्या. कापलेलं टोक सापडलं तिला. त्यावर अंगठा फिरवत राहिली.

"चाफा चालायला लागला का हो?"

सगळं सांगितलं. करवत, पांढरा चीक, सलूनची फुलं, सगळं.

वाटलं, आरडाओरडा करेल. हळू आवाजात म्हणाली, "कापलंत, ते एक वेळ समजू शकते. अडाणीच आहात त्यातले. पण चार महिने? मला आता दिसत नाही. तुम्ही सांगाल तेवढंच जग आहे मला." मग — "तो शिंजीर तरी खरा होता का?"

२८ मे

बोलत नाही. सकाळी बागेतून आलो, जास्वंद सहा म्हटलं. "असतील," म्हणाली.

३० मे

विचारलं, फांदी लावू का खिडकीसमोर? "तुम्ही काही करू नका."

दोरीवरचं रिकामं घरटं काढून तिच्या हातात दिलं. आतला कापूस, कोळ्याची जाळी, पिसं बोटांनी चाचपली तिने. "कुठूनही आणलं असेल. फुलं आणली होतीत तशी." तिचं बरोबरच आहे. तिची बाग मी उपटली आणि जी सांगितली ती पण बुडवली.

१ जून

आज बागेत गेलोच नाही. सांगायचं कोणाला?

४ जून

चहानंतर ही वही घेऊन तिच्यासमोर बसलो. म्हटलं, यात मनाचा आकडा एकही नाही. माझी लाज आहे, शिंजीरही आहे, तारखेनिशी. जसं आहे तसं वाचतो. ती उठून गेली नाही.

"आठ जानेवारी. बाग साफ केली!" एवढं वाचलं. पुढची ओळ निघेना.

तिने खुर्ची थोडी जवळ ओढली.

"पुढे?"